पेटीतली कॅसेट आणि पेटीचा सूर: जुनं गाणं सिंगल म्हणून काढताना

तीस-चाळीस वर्षं वाजवत आलेला एखादा रॉक बँड जाहीर करतो की आमचं अमुक जुनं गाणं येत्या शुक्रवारी सिंगल म्हणून येतंय. सिंगल म्हणजे अल्बमची वाट न पाहता एकटंच सोडलेलं गाणं, एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. पण ‘जुनं’ म्हणजे नेमकं काय जुनं? टेप जुनी, चाल जुनी, की गळा जुना? कामाचा सगळा फरक तिथून पडतो.

रोलिंग स्टोन्सचं ‘स्टार्ट मी अप’ १९८१ च्या ऑगस्टमध्ये आलं, तेव्हा ऐकणाऱ्यांना ते कोरं करकरीत वाटलं. खरं तर ती टेप तीनेक वर्षं पडून होती. गाणं रेगेच्या ठेक्यावर बसवायची खटपट चालली होती, त्यात ते एकदा रॉकच्या अंगाने वाजवलं गेलं आणि तसंच राहून गेलं. पुढे ध्वनिमुद्रक ख्रिस किम्सी जुन्या टेपा चाळायला बसला तेव्हा ते हाती लागलं. म्हणजे वाजवणं उत्तम होतं, फक्त गाणं पुरं करायचं राहिलं होतं.

बीटल्सच्या ‘नाऊ अँड देन’ची गोष्ट अवघड होती. जॉन लेननने १९७० च्या दशकाच्या शेवटी न्यूयॉर्कच्या घरी पियानो वाजवत ते साध्या कॅसेटवर गाऊन ठेवलं होतं. १९९५ मध्ये उरलेल्या तिघांनी ते हाती घेतलं आणि सोडून दिलं. टेपमध्ये विजेची घरघर होती, शिवाय पियानो गळ्यावर चढत होता. एकाच माइकवर घेतलेलं असल्यामुळे पियानो दाबला की गळाही दबायचा. नंतर चित्रपट दिग्दर्शक पीटर जॅक्सनच्या चमूने मिसळलेल्या आवाजातून गळा आणि वाद्य वेगळं काढणारं तंत्र तयार केलं आणि २ नोव्हेंबर २०२३ ला गाणं बाहेर आलं. तोवर त्या तिघांतला जॉर्ज हॅरिसन हयात नव्हता. त्याची गिटार १९९५ च्या अर्धवट प्रयत्नातून उचलली.

डेफ लेपर्डने २०१२ मध्ये तिसरंच केलं. डिजिटल विक्रीच्या पैशांवरून त्यांचं रेकॉर्ड कंपनीशी फाटलं होतं, म्हणून त्यांनी स्वतःचीच जुनी गाणी हुबेहूब पुन्हा वाजवून बाजारात आणली. गाणं त्यांचं, जुनी टेप कंपनीची. या दोन गोष्टींची मालकी वेगळी असते. हा मुद्दा पुढे कागदपत्रांत लागणार आहे.

आता आपल्याकडे या. अमरावती-यवतमाळकडचे जुने ऑर्केस्ट्रे, गडचिरोली-चंद्रपूरकडच्या झाडीपट्टी नाटकांना साथ करणारे ऑर्गनवाले, दुर्गोत्सवात आणि मंडईच्या जत्रेत वाजवणाऱ्या पार्ट्या, आणि अलीकडे गिटार-ड्रम घेऊन पोळ्याच्या झडत्या आणि भजनं रॉकच्या अंगाने वाजवणारी पोट्टी. यांतल्या बहुतेकांच्या घरी लोखंडी पेटीत एखादी तरी कॅसेट असते आणि त्यात असं एखादं गाणं असतं, जे लोक अजून फर्माइशीत मागतात. ते सिंगल म्हणून काढायचं तर वरच्या तीनपैकी कोणता रस्ता घ्यायचा, हे तुमच्या हौशीवर कमी आणि त्या कॅसेटच्या तब्येतीवर जास्त अवलंबून आहे. आणि असं गाणं स्टुडिओत क्वचितच बिघडतं. ते बिघडतं कॅसेट पहिल्यांदा लावली त्या अर्ध्या तासात.

कॅसेट लावण्याआधी

पहिलं काम म्हणजे कॅसेटच्या मागच्या कडेला दोन कोपऱ्यांत प्लॅस्टिकच्या दोन छोट्या पट्ट्या असतात, त्या तोडा. त्या तुटल्या की त्या कॅसेटवर नवं काही रेकॉर्ड होत नाही. चुकून लाल बटण दबलं आणि गाण्याच्या अंतऱ्यावर चार सेकंदांची शांतता उमटली, हा प्रकार नवा नाही.

मग कॅसेट उजेडात धरून टेपच्या गुंडाळीची कड बघा. पांढरट, कापसाच्या तंतूसारखं काही दिसलं तर ती बुरशी आहे. पेटी पावसाळाभर ओलीच्या भिंतीला टेकून असली की हे हमखास होतं. बुरशीची कॅसेट तशीच लावली तर बुरशी हेडवर, म्हणजे यंत्राच्या टेप वाचणाऱ्या भागावर, जाते आणि तिथून पुढच्या सगळ्या कॅसेटींवर. ती आधी कोरड्या हवेशीर जागेत काही दिवस ठेवावी, मग मऊ सुक्या कापडाने कड हलकी पुसावी. नाकाला फडकं बांधून, घराबाहेर.

टेपच्या मागे, हेडसमोर येईल असा एक नमद्याचा बारीक तुकडा पितळी पट्टीवर चिकटवलेला असतो. जुना डिंक सुटून तो पडतो. तो नसेल तर टेप हेडला नीट टेकत नाही, आवाज मंद आणि येत-जात राहतो, आणि आपण समजतो की टेपच गेली. टेप गेलेली नसते. पाच स्क्रूंची कॅसेट असेल तर ती उघडून टेपच्या दोन्ही चकत्या दुसऱ्या चांगल्या खोक्यात बसवायच्या, झालं. चिकटवून बंद केलेली असेल तर सांध्यात पातळ पातं घालून जपून उकलावी लागते. टेपच्या सुरुवातीला पारदर्शक पट्टीशी असलेला जोडही असाच सुटतो. तिथे टेप जोडायचीच चिकटपट्टी वापरा. साध्या चिकटपट्टीचा डिंक उन्हाळ्यात पाझरतो आणि शेजारचे वेढे धरून ठेवतो.

कोणीतरी सांगेल की जुन्या टेपा भट्टीत भाजून घेतात. खरं आहे, पण ते १९७०-८० च्या दशकांतल्या काही विशिष्ट कंपन्यांच्या मोठ्या रीळ-टेपांसाठी. त्यांचा चिकट थर ओल शोषतो आणि टेप हेडला चिकटते, म्हणून त्या साधारण ५४ अंशांवर काही तास सुकवतात. कॅसेटला हे करू नका. चंद्रपूरच्या मे महिन्यात टिनाखाली ठेवलेल्या कॅसेटने आधीच पुष्कळ ताप सोसलाय. त्याची खूणही ऐकू येते. गाणं सुरू होण्याआधी क्षणभर त्याच गाण्याची पुसट चाहूल लागते. लागून असलेल्या वेढ्यांवर एकमेकांचा चुंबकी ठसा उमटतो म्हणून हे होतं आणि उष्णतेने ते वाढतं. ते पुरतं जात नाही. कॅसेट दोन-तीनदा पुढे-मागे पूर्ण गुंडाळली की थोडं उतरतं.

कॅसेट वाजवायचं यंत्रही तपासा. जुन्या डेकमधले रबरी पट्टे वितळून डांबरासारखे होतात, आणि दाबाचा रबरी रोलर कडक झाला की टेप खातो. हेड आणि त्याशेजारचा धातूचा दांडा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. रबराला मात्र ते लावू नका, ओल्या कपड्याने पुसलं तरी पुरे. पहिली कॅसेट नेहमी फेकाऊ लावावी. ती दोन्ही बाजूंनी न गुंतता वाजली तरच खरी कॅसेट आत जाईल.

हेडचा स्क्रू आणि पेटीचा सूर

कॅसेटची टेप जेमतेम ३.८१ मिलिमीटर रुंद असते आणि सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर सरकते. इतक्या अरुंद पट्टीवर हेड केसभर तिरकं झालं तरी वरचे सूर, म्हणजे ‘स’, ‘श’, खंजिरीच्या चकत्या, पार बोथट होतात. गावातल्या टू-इन-वनवर रेकॉर्ड झालेल्या कॅसेटचं हेड तिरकं होतं हे गृहीतच धरा. मग तुमचं हेड तितकंच तिरकं करावं लागतं. हेडच्या एका बाजूला, खाली स्प्रिंग असलेला छोटा स्क्रू असतो. आधी त्यावर नेलपॉलिशचा ठिपका देऊन मूळ जागा खूण करून ठेवा. गाण्यातली खंजिरीची जागा लावा, दोन्ही चॅनल एकत्र करून मोनोमध्ये ऐका आणि स्क्रू अगदी थोडा थोडा फिरवा. एका जागी खंजिरी अचानक उघडते. दोन-चार अंश पुढे गेलं की परत मिटते. ती उघडी जागा सापडेपर्यंत पुढचं काही करू नये, कारण इथे गेलेले वरचे सूर नंतर कोणत्याही सॉफ्टवेअरने परत येत नाहीत. पुढे वाढवता येते ती फक्त खरखर.

कॉम्प्युटरवर घेताना २४ बिट आणि ९६ किलोहर्ट्झ ठेवा. स्टिरिओत मिनिटाला साधारण ३५ एमबी लागतात, म्हणजे साठ मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू एका जीबीच्या आसपास जाते. आवाजाची टोकं उणे दहा ते उणे सहा डेसिबलच्या दरम्यान राहू द्या. डेकवरचं डॉल्बी बटण बंद ठेवा. घरी भरलेल्या कॅसेटीत डॉल्बी क्वचितच असतं, आणि नसताना ते लावलं की गाण्यावर गोधडी टाकल्यासारखं होतं.

आता वेग. या पायरीकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं. रेकॉर्ड करणारं यंत्र आणि वाजवणारं यंत्र एकाच वेगाने फिरत होतं याची काही हमी नाही. तीन टक्के वेग चढला की पांढरी एकमधलं गाणं पांढरी एक आणि काळी एक या पेटीच्या शेजारच्या पट्ट्यांच्या बरोबर मधोमध जाऊन बसतं. गायकाचा गळा किंचित पातळ, पोरकट वाटतो. ऐकणारे म्हणतात, तेव्हा आवाज असाच होता बापा. नव्हता.

खरा वेग शोधायचे दोन उपाय. टेपमध्ये विजेची घरघर असेल तर ती ५० हर्ट्झवर असायला हवी. मोजली आणि ५१.५ भरली, तर टेप तीन टक्के जास्त वेगाने चाललीय. पण गावाकडचा कार्यक्रम जनरेटरवर झाला असेल तर हा हिशेब फसतो. जनरेटरवर भार वाढला की त्याचा वेगच खाली-वर होतो, त्यामुळे घरघर ५० वर ठरत नाही. म्हणून दुसरा उपाय जास्त भरवशाचा: हार्मोनियम. पेटीच्या पितळी पट्ट्यांचा सूर वर्षानुवर्षं फारसा हलत नाही. तेव्हाची पेटी अजून मंडळात असेल आणि दुरुस्तीवाल्याने तिचे सूर खरवडून बदलले नसतील, तर तीच तुमची मोजपट्टी. गाण्यातला पेटीचा एखादा लांब धरलेला सूर मोजा. समजा काळी एक टेपवर २८७ हर्ट्झ भरली. आता तीच पट्टी पेटीवर मध्यम भात्याने दाबून मोजा. ती २७९ भरली, तर टेप २७९ भागिले २८७, म्हणजे ०.९७२ पट वेगाने आणायची. भाता जोरात मारू नका, दाबाने सूर थोडा हलतो. आणि सॉफ्टवेअरमध्ये सूर व वेग दोन्ही एकदम बदलणारा पर्याय घ्या. नुसता वेग किंवा नुसता सूर बदलणारा पर्याय घेतला तर चूक अर्धीच सुधारते.

हे मोजमाप गाण्याच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी असं तीनदा करा. टेपरेकॉर्डर सेलवर चालला असेल तर कार्यक्रमाच्या शेवटाकडे सेल उतरायचे आणि रेकॉर्डिंगचा वेग मंदावायचा. ती टेप नीट वेगाने वाजवली की गाणं शेवटाकडे चढत जातं. अशा वेळी एकच आकडा पुरत नाही, वेग हळूहळू उतरता द्यावा लागतो.

वेग जमल्यावरच घरघर काढा: ५०, १००, १५० हर्ट्झवर अरुंद काप. त्यानंतर खरखर, तीही सहा ते दहा डेसिबलच उतरवायची. जास्त लोभ केला की मागे पाण्यात बुडबुडे आल्यासारखा आवाज येतो. थोडी खरखर कानाला दोन मिनिटांत सवयीची होते, बुडबुडे नाही.

गळा वेगळा काढणं

बीटल्ससाठी जे खास तयार करावं लागलं, त्याच्या जातीची सॉफ्टवेअर आता फुकट मिळतात: डेमक्स, स्प्लीटर, अल्टिमेट व्होकल रिमूव्हर. साध्या लॅपटॉपवर पाच मिनिटांच्या गाण्याला वेळ लागतो, पण होतं. मात्र ही यंत्रं बहुतांशी पाश्चात्त्य गाण्यांवर शिकलेली आहेत. ड्रम, बास, गिटार त्यांना कळतं. हार्मोनियम मात्र गळ्याच्याच पट्ट्यात बोलते आणि गायकाच्या मागोमाग चालते, त्यामुळे ती बऱ्याचदा गळ्याच्या ट्रॅकमध्ये चिकटून येते. खंजिरीच्या चकत्या आणि ‘श’ यांचीही अशीच गल्लत होते, कधी शब्दातला ‘श’ तालात जातो आणि गायक बोबडा वाटतो.

यावर उपाय साधा आहे. पेटी पूर्ण काढायचा हट्ट धरू नका. गळ्यासोबत थोडी पेटी राहू द्या आणि नव्या वाजवण्यात पेटीच पुढे ठेवा, म्हणजे उरलेली जुनी पेटी नवीत झाकली जाते. दोन-तीन वेगवेगळी मॉडेलं चालवून पहा. ध्रुवपदाला एक आणि अंतऱ्याला दुसरं बरं निघालं, तर तुकडे जोडून घ्यायला काही हरकत नाही.

एक फरक लक्षात ठेवा. जुन्या टेपमधून गळा वेगळा करणं म्हणजे होतं तेच स्वच्छ करणं. गेलेल्या गायकाचा गळा यंत्राला शिकवून त्याच्या तोंडी न गायलेली ओळ घालणं ही वेगळी गोष्ट आहे. लेननच्या गाण्यात पहिलं झालं होतं, दुसरं नाही. २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अरिजित सिंगच्या आवाजाच्या अशा नकलांना अंतरिम मनाई केली आहे. घरच्यांची लेखी संमती नसेल तर या वाटेला जाऊच नये. संमती असली तरी आमच्या मते जाऊ नये.

जुन्या गळ्यावर नवी वाद्यं चढवताना बहुतेक बँड एकच चूक करतात: जुनं गाणं मेट्रोनोमला, म्हणजे ठरल्या वेगाने टकटक करणाऱ्या यंत्राच्या क्लिकला, बांधतात. जुनी मंडळी क्लिकवर वाजवत नव्हती. मिनिटाला ध्रुवपदाला ९६ ठोके, अंतऱ्याला १००, शेवटच्या आवर्तनात १०४, असं गाणं वाढत जायचं आणि लोक त्यानेच उठायचे. गळा कापून क्लिकवर बसवला की तो मुर्दाड होतो. त्याऐवजी जुन्या ढोलकीची सम प्रत्येक आवर्तनाला खूण करा, त्या खुणांवरून वेगाचा नकाशा तयार करा आणि ड्रमरने त्या नकाशावर वाजवावं. वेळखाऊ आहे. चार मिनिटांच्या गाण्याला सहज एक पूर्ण संध्याकाळ जाते.

दुसरी अडचण उजेडाची. कॅसेटमधला गळा दहा-बारा किलोहर्ट्झच्या वर जवळपास नसतोच. त्यावर नव्या झांजा वीस किलोहर्ट्झपर्यंत चमकू लागल्या की गळा कणगीत बसून गातोय असं वाटतं. गळ्याला जबरदस्तीने चमकवू नका, नव्या वाद्यांची चमक उतरवा. झांजा आणि गिटार बारा किलोहर्ट्झच्या आसपास कापा. जुन्या गळ्यात त्या वेळच्या मंडपाचा किंवा खोलीचा घुमारा मुरलेला असतो. तो निघत नाही, म्हणून नव्या वाद्यांना त्याच अंदाजाचा घुमारा द्यावा.

सगळंच नव्याने वाजवायचं ठरलं तर

गळा हयात आहे, कॅसेट मात्र गेलेली, असं असेल तर डेफ लेपर्डची वाट. खोली निवडताना नवी स्लॅबची खोली टाळा. गुळगुळीत समोरासमोरच्या भिंतींत टाळी वाजवली की टणटण परत येते. सारवलेल्या मातीच्या भिंती आणि वर कवेलू असं घर गावात अजून उभं असेल तर ते जास्त बरं. टिनाचं छप्पर असेल तर पाऊस नसलेला आणि ऊन उतरलेला वेळ निवडा. तापलेला टिन संध्याकाळी निवताना टक-टक करतो आणि नेमका आलापात पकडला जातो. रातकिड्यांचा आवाज गळ्याच्या धारेच्याच पट्ट्यात बसतो, त्यामुळे पावसाळी रात्री सोडून द्या. पहाटे चार ते सहा ही उत्तम वेळ, फक्त शेजारच्या मोटरपंपाची पाळी विचारून ठेवा.

भिंतीला गोधड्या टांगणं हा सर्वांत लोकप्रिय आणि सर्वांत कुचकामी इलाज आहे. गोधडी फक्त वरचे सूर शोषते आणि खालचा घुमारा तसाच राहतो, म्हणून खोली एकदम कोंदट बोलते. पिंजलेल्या कापसाच्या जाड गाद्या घ्या, चारेक इंचांच्या, आणि भिंतीपासून दोन-तीन इंच सोडून उभ्या करा. गायकाच्या मागे दोन, कोपऱ्यांत एकेक. कापसाच्या मुलखात हे फुकटात जमतं.

विजेचं म्हणाल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवरच रेकॉर्ड करा. घराला नीट अर्थिंग नसेल तर चार्जरचीच बारीक चिरचिर माइकमध्ये येते. लाईन गेल्यावर स्वस्त इन्व्हर्टरवर गिटारचा अँप लावला तर तो कर्कश गुणगुणतो, कारण तो इन्व्हर्टर नीट गोल लाट देत नाही. लाईन येईपर्यंत थांबलेलं बरं.

गिटार आणि बास ट्यूनरवर नका लावू, पेटीवर लावा. पेटी ट्यूनरपेक्षा थोडी वर किंवा खाली असणारच, आणि ती वळणार नाही. पेटीचा माइक पट्ट्यांसमोर धरला की बोटांची खटखट आणि भात्याचा श्वास येतो. तो वरून, एक-सव्वा फुटावर, जाळीच्या बाजूला धरा. खंजिरी माइकपासून दोन फूट आणि थोडी तिरकी. गळ्याला वीत-दीड वीत अंतर.

गाणं कोणाचं

इथे मंडळं फुटतात, म्हणून सावकाश वाचा.

कायद्याने एका गाण्यात तीन वेगळ्या मालकी असतात: शब्द, चाल, आणि ते रेकॉर्डिंग. शब्द व चालीचा हक्क लिहिणाऱ्याच्या आणि चाल बांधणाऱ्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो. रेकॉर्डिंगचा हक्क प्रसिद्ध झाल्याच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं, आणि तो ज्याने पुढाकार व जबाबदारी घेऊन रेकॉर्ड करवून घेतलं त्याचा. गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचाही सादरीकरणावर ५० वर्षं हक्क असतो. म्हणजे १९८८ मध्ये एखाद्या कंपनीने काढलेल्या कॅसेटचं रेकॉर्डिंग २०४८ च्या अखेरपर्यंत त्या कंपनीचं, तिने ते दुसऱ्या कोणाला दिलं नसेल तर. चाल तुमच्या गुरुजींची असली तरी ती टेप परवानगीशिवाय वापरता येत नाही. नव्याने वाजवलेलं वापरता येतं, पण त्यासाठी शब्द आणि चालीची परवानगी लागते.

गावाकडे हमखास होणारी एक गफलत. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची भजनं सगळ्यांची म्हणून सगळे वाजवतात. महाराजांचं निर्वाण ११ ऑक्टोबर १९६८ चं, म्हणजे त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या रचनांचा हक्क २०२८ च्या ३१ डिसेंबरपर्यंत आहे. सप्ताहात म्हणायला कोणी अडवत नाही. पण सिंगल काढून पैसे मिळवायचे तर आधी लेखी विचारा. उलट पोळ्याच्या परंपरेने आलेल्या झडत्या कोणा एकाच्या नाहीत. त्यावर तुम्ही बांधलेली चाल आणि जोडलेली नवी कडवी तेवढी तुमची. गाण्याच्या नोंदीत ‘पारंपरिक’ आणि तुमचं नाव दोन्ही लिहा. नुसतं तुमचंच नाव लिहिलं तर उद्या शेजारच्या गावाने तीच झडती टाकली की यूट्यूबचं यंत्र त्यांच्यावर दावा ठोकेल, आणि भांडण तुमच्या दारात येईल.

झाडीपट्टीच्या नाटकातलं गाणं असेल तर आणखी एक प्रश्न येतो. नाटक कंपनीने प्रयोगाचे पैसे दिले म्हणून गाणं कंपनीचं होतं का? लिहिणारा आणि चाल बांधणारा कंपनीत पगारी नोकर नसेल आणि त्याने हक्क लिहून दिले नसतील, तर नाही. हक्क देणं लेखी आणि सहीनिशीच व्हावं लागतं. तोंडी ‘घेऊन टाका’ चालत नाही.

कव्हर व्हर्जनसाठी, म्हणजे दुसऱ्याचं गाणं नव्याने वाजवून काढण्यासाठी, कायद्यात कलम ३१ सी आहे. मूळ रेकॉर्डिंगचं वर्ष संपून पाच वर्षं झाल्यावर, १५ दिवस आधी नोटीस देऊन आणि किमान ५०,००० प्रतींची रॉयल्टी आगाऊ भरून ते करता येतं, तेही गाण्यात मनमानी फेरफार न करता. गावच्या मंडळाला ते परवडत नाही. दारात जाऊन चहा पिऊन सही घेणं सोपं.

त्या कागदावर काय हवं: गाण्याचं नाव आणि पहिली ओळ, कोणता हक्क देताय, किती वर्षांसाठी, कुठल्या प्रदेशासाठी आणि मोबदला किती. यातली दोन वाक्यं लोक विसरतात. मुदत लिहिली नाही तर कायदा पाचच वर्षं धरतो, आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. इंटरनेटवर गाणं जगभर जातं, म्हणून ‘संपूर्ण जग’ असं स्पष्ट लिहा. जुन्या रेकॉर्डिंगवर जे जे वाजवून गेले, त्यांची नावं आणि हयात नसतील त्यांच्या वारसांच्या सह्याही त्याच वेळी घ्या. ढोलकीवाल्याच्या घरी सर्वांत शेवटी जायची पद्धत आहे. तिथे आधी जा.

बाहेर सोडणं

पक्कं मिक्स उणे १४ एलयूएफएसच्या (कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचं माप) आसपास आणि टोक उणे एक डेसिबलवर ठेवा. मोठे स्ट्रीमिंग मंच जास्त चढवलेलं गाणं स्वतःच खाली आणतात, म्हणून चिरडून मोठं करण्यात काही मिळत नाही. गाण्याचं मुखचित्र चौरस, ३००० बाय ३००० पिक्सेल. गाणं वितरकाकडे तीन-चार आठवडे आधी द्या. स्पॉटिफायच्या संपादकांना सुचवायचं तर किमान सात दिवस आधी ते तिथे पोहोचलेलं लागतं. पोळ्याला सोडायचं गाणं पोळ्याच्या आठवड्यात अपलोड करू नका.

प्रत्येक रेकॉर्डिंगला बारा अक्षरांचा आयएसआरसी क्रमांक मिळतो. नव्याने वाजवलेलं किंवा नवं मिक्स असेल तर नवा क्रमांक घ्या, जुनाच चिकटवला तर पैसे जुन्या मालकाकडे जाऊ शकतात. गीतकार-संगीतकारांची पूर्ण खरी नावं भरा, ‘अमुक मंडळ’ नको. त्यांचे वेगळे पैसे आयपीआरएस या त्यांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेकडून येतात आणि ते व्यक्तीच्या नावाने येतात.

पैशांबद्दल भ्रम नको. २०२४ पासून स्पॉटिफाय मागच्या बारा महिन्यांत १,००० पेक्षा कमी वेळा ऐकलं गेलेल्या गाण्याला काहीच देत नाही, आणि तीस सेकंदांच्या आत बंद केलेलं ऐकणं मोजत नाही. म्हणून एक मिनिटाचा आलाप पुढे ठेवायचा असेल तर तो लांबट आवृत्तीत ठेवा, सिंगलमध्ये ध्रुवपद लवकर येऊ द्या. कॉलर ट्यूनचा तुकडाही तिथूनच कापा. व्हॉट्सॲपवर पाठवताना ऑडिओ म्हणून नाही, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. नाहीतर ज्या खंजिरीसाठी हेडचा स्क्रू फिरवत बसला होता, ती पहिल्या फॉरवर्डलाच जाऊ शकते.

आणि कॅसेट? ती एका टोकापर्यंत पूर्ण गुंडाळून, डबीत, उभी ठेवा. लोखंडी पेटीत परत टाकायची असेल तर पेटी स्पीकरजवळ आणि टिनाखाली नको. मूळ २४ बिटची फाइल, वेग न बदललेली, खरखर न काढलेली, दोन वेगळ्या घरांत दोन डिस्कवर ठेवा. गळा वेगळा काढणारी सॉफ्टवेअर दरवर्षी सुधारतायत. पेटी अजून नीट शिकलेली नाहीत, एवढंच.